खिळा

सिब्रांट ओम्स, एन्कहाउझेनचा. माझा बाप.
हेरिंगच्या बाजारामागे, तिसऱ्या पुलाशी,
वरच्या मजल्यावर माणसांची तोंडं रंगवायचा.
नुसत्या तोंडाचे बारा गिल्डर, हातांसकट अठरा.
म्हणून आमच्या गावातले निम्मे व्यापारी
हात डगल्यात घालून उभे आहेत.

पांढरा मी घोटायची.
शिशाचे पत्रे, मडक्यात व्हिनेगर, वर घोड्याची लीद.
तीन महिने दाबून ठेवलं की शिशावर साय धरते.
त्या सायीतून पाद्रीणबाईंची कॉलर निघाली, कडक इस्त्रीची,
आणि त्या नाक धरून म्हणाल्या, इथे वास कसला येतोय?

बाप खोटं रंगवायचा नाही. राखून रंगवायचा.
वखारवाल्या लुबर्टच्या नाकावरची चामखीळ
त्यानं सावलीत ठेवली, पुसली नाही.
लुबर्टनं तीन गिल्डर कापले,
उरलेल्या नवांचं चीज पाठवलं.
तो हिवाळाभर आम्ही चामखीळ खाल्ली,
पातळ काप करून.

मग कालवा गोठला आणि हिलेगोंट आली.
नवरा देवमाशांच्या जहाजावर गेलेला,
जहाज आलं नव्हतं.
त्याचं चित्र हवं, म्हणाली.
कसा दिसायचा?
पाव मोडायच्या आधी वास घ्यायचा.
आणखी?
जिन्यात खोकायचा, मी कडी काढावी म्हणून.
डोळे?
ती बराच वेळ खिडकीवरच्या बर्फाकडे बघत राहिली.
घरात असायचा तेव्हा कोण बघत बसतं, म्हणाली.

बापानं कपाळ भावाचं घेतलं,
कान मासेवाल्याचा, उधार.
डोळ्यांपाशी तीन आठवडे अडला.
हात तू कर, मला म्हणाला. पहिल्यांदाच.
त्याची बोटं तेव्हा कापायला लागली होती,
आम्ही दोघं त्याला थंडी म्हणत होतो.
मी तो माणूस कधी पाहिला नव्हता.
मी बापाचेच हात काढले,
न कापणारे, मधे एक पाव.

दिवा लावायची वेळ झाली तरी हिलेगोंट बघत होती.
हा तो नाही, म्हणाली.
बापानं ब्रश तेलात बुडवला, काढला, पुन्हा बुडवला.
पण द्या, ती म्हणाली,
भिंतीत खिळा ठोकून ठेवलाय केव्हाचा.

बाप गेला त्याला अकरा वर्षं झाली.
लोकांनी नावं ठेवली, नाव कुणी ठेवलं नाही.
सही तो करायचाच नाही,
कोपऱ्याचे पैसे कोण देतंय, म्हणायचा.

बाजाराच्या दिवशी मी मुद्दाम त्या गल्लीनं जाते.
दार उघडं असलं तर आत दिसतात,
पाव धरलेले,
अठराचे,
बाराला दिलेले.