सात नंबर

बंद करणं हे माझं काम.
नळ, खिडक्या, दिवे, आणि तिसऱ्या मजल्यावर
पोरांनी तसेच टाकून दिलेले चोवीस कॉम्प्युटर.
एकोणीस वर्षं मी या शाळेला रोज झोपवते.

एका मंगळवारी फिजिक्सच्या ओल्शेफ्स्की सरांनी
दाराला चिठ्ठी लावली:
वात्स्वावाबाई, हे चालू राहू द्या.

कशाला? पोरं घरी, तुम्ही घरी,
पडद्याकडे बघायला कुत्रं नाही.

ते म्हणाले, मोठमोठ्या तबकड्यांनी
आकाशातली कुजबुज गोळा केली आहे, वर्षानुवर्षांची.
एकट्यादुकट्याला ती ऐकून संपायची नाही.
म्हणून तुकडे करून वाटतात,
ज्याच्याकडे जे रिकामं पडलं असेल त्याला.
एखादा विझलेला तारा
कुठेतरी अजून ठोके देत असेल.

म्हणजे रात्रपाळी, मी म्हटलं.
ते हसले.
मी हसले नव्हते.

आमच्या वूचच्या नावाचा अर्थ होडी,
आणि नद्या सगळ्या जमिनीखाली, विटांच्या बोगद्यांत.
वर होत्या त्या गिरण्या.
तिसऱ्या पाळीला मी, सूतकताईत, बावीस वर्षं.
दोन रांगांमधून चालायचं,
तुटला धागा की थांबायचं,
चिमटीत धरून पीळ द्यायचा, पुन्हा चालायचं.
दिसायच्या आधी तो ऐकू यायचा,
एवढ्या खडखडाटात एवढीशी जागा गप्प झालेली.
आणि मागून तपासायला तेओदोझ्या.
तिच्या नखातून एक गाठ सुटली नाही कधी.

जानेवारीत जिना पुसताना
वरची एक जागा गप्प झाली.
बादली तिथेच ठेवून गेले. सात नंबर.
पडदा निळा, पंखा मेलेला.

सरांनी सांगितलं होतं,
एकच तुकडा दोन अनोळखी दारांत जातो,
दोन्ही उत्तरं जुळली तरच धरतात.
म्हणजे पेरूत म्हणा, नाहीतर कोरियात,
कुणी तेओदोझ्या आपलं उत्तर घेऊन बसली आहे
आणि माझा धागा तुटलेला.

बटण दाबलं.
एकोणीस वर्षांत पहिल्यांदा, चालू करायला.

मार्चमध्ये मुख्याध्यापिका विजेचं बिल घेऊन आल्या.
सर रजेवर, लेकीच्या बाळंतपणाला.
रात्री बंद करायला कोण विसरतं?
मी, म्हटलं. वय झालं बाई.
त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं.
मी वाचलं नाही.

सर परतल्यावर खूप बोलाचाली झाली,
शेवटी आठ मशिनांवर मिटलं.
कुठली आठ, ते कुणी ठरवलं नाही,
म्हणून सात नंबर त्यात आहे.

जूनमध्ये विचारलं, सापडलं का काही?
नाही, ते म्हणाले.
आपल्या वाटच्या आकाशात काहीच नव्हतं.
पण नव्हतं, हे आता माहीत झालं.
त्यांचा चेहरा पडलेला होता. मला समजूत घालता येत नाही.
एवढंच सांगितलं की गिरणीत
पाळी चांगली गेली याची खूण हीच असायची,
सकाळी कापड उजेडात धरलं
की काही दिसायचं नाही.

काल पुन्हा बर्फ पडला.
भिजलेले हातमोजे
सातच्या मागच्या उबेवर ठेवले
आणि फरशी पुसायला घेतली.