रात्रभर पेल्याखाली

एकतीस वर्षं नोटा उजेडात धरल्या.
तार, जलचिन्ह, अंगठ्याखालचा खरबरीतपणा.
एकाच खुणेवर कधी विसंबले नाही
आणि तरी दोनदा फसले.
दोन्ही वेळा भरपाई पगारातून.

आता निवृत्त. गोरेगाव पूर्व, बिल्डिंग नंबर सात.
नारळी पौर्णिमेनंतरच्या सोमवारी
मागच्या लॉनवर अकरा पांढऱ्या छत्र्या,
पंगतीला बसल्यासारख्या, गोल.
वर तपकिरी खवले,
भाकरी जरा जास्त शेकली गेल्यासारखे.

भिंगातून बघायला अजून शिकतेच आहे.
वहीत लिहिलं: देठाला कडं, बांगडीसारखं सरकतं.
बुडाशी गाठ. टोपीखालचे पापुद्रे पांढरे.
वास: खास नाही.
नाव:
तिथे पेन्सिलीची रेघ. शाई नाही.

रमीबाई वांगड आरेतल्या पाड्यावरून येते.
पुलाखाली कंटोली, भारंगी, कुर्डू मांडते,
आणि एखाद्या दिवशी, पानांखाली झाकलेले,
अळंबीचे मोजून चार वाटे.
ओळखायची कशी, असं मी विचारलं होतं.
"ओळखायची नाय. ओळख असते.
सासू न्यायची त्या वारुळावर मी जाते.
दुसऱ्या वारुळावर मी पण नवीच.
आमचीचा देठ खाली जातच राहतो,
पार उधईच्या घरात."
माझ्या मोबाइलातला फोटो तिनं लांब धरला, जवळ धरला.
"नाय माहीत."
इतक्या स्वच्छ आवाजातलं माहीत नाही
मी बँकेत कुणाकडूनच ऐकलं नव्हतं,
स्वतःकडूनही.

संध्याकाळी खाली गेले तर लॉनवर चारच उरलेल्या.
बाकीच्या सात जगेश्वर उराँवच्या पिशवीत.
रात्रपाळीचा वॉचमन, गुमल्याचा.
स्टोव्ह पेटलेला, कांदा चिरून तयार.
"आमच्याकडे अशाच उगवतात, मॅडम.
आई भांड्यात चांदीचं नाणं टाकते.
काळं पडलं तर फेकायचं."
म्हटलं, चांदीला विष कळत नाही. लसणालाही नाही.
आणि गोगलगायीनं कुरतडलंय म्हणून आपण खायचं
तर पोटही तिचंच लागेल.
तो हसला, पण पिशवी सोडेना.
भूक होती की गुमला होतं त्या पिशवीत,
मला सांगता येणार नाही.
मी एक रात्र उसनी मागितली
आणि माझं पिठलं त्याच्या ताटलीत वाढलं.

कागद अर्धा काळा, अर्धा पांढरा.
काळा अशासाठी की पांढरी धूळ पांढऱ्यावर दिसत नाही,
हे कॅशियरला सांगावं लागत नाही.
देठ कापून टोपी मधोमध उपडी ठेवली, पापुद्रे कागदाकडे.
वर स्टीलचा पेला.
रात्री दोनदा उठून पेल्यावर हात ठेवला,
ताप बघावा तसा.
उचलला नाही.

सहाला पाळी संपवून तो वर आला, चपला दाराबाहेर.
पेला त्यानंच उचलला.
पांढऱ्या अर्ध्यावर चाकाच्या आऱ्या उमटलेल्या,
बारीक, एकसारख्या,
हिरव्या.
पाच रुपयांच्या जुन्या नोटेचा मळका हिरवा.
पुस्तकात त्या रंगापुढे लिहिलं आहे:
उलट्या, जुलाब, हॉस्पिटल.

"पांढरा आला असता तर?"
तरी नाही.
"गुलाबी?"
तरी नाही. हा कागद नको म्हणू शकतो.
खा म्हणणं त्याच्या हातात नाही,
माझ्या तर नाहीच.

पिशवीला गाठ मारून त्यानं ती कचऱ्यात टाकली.
मग साबणानं हात धुतले, दोनदा.
ठशाचा फोटो काढून आईला पाठवला,
फोन लावला, त्यांच्या भाषेत बराच वेळ बोलला.
मध्येच फोन छातीशी धरून मला म्हणाला,
"आई विचारते, तिथली माती कुठली? जवळ झाड कोणतं?"

मी खिडकीतून लॉनकडे पाहिलं.
माती गेल्या वर्षी दोन ट्रकमधून आली होती.
कुठून, ते बिलावर नव्हतं.