सात आरसे

शाळेच्या बसला सात आरसे आहेत.
बाहेर चार, आत तीन.
त्यातला एक फक्त मागच्या बाकासाठी,
कुणीतरी सीट ब्लेडने चिरली
त्या वर्षी मीच लावून घेतलेला.

कयाकला एकही नाही.

शनिवारी, उजाडायच्या आत, ओपोतिकीला
नदीच्या तोंडाशी वाळूचा दांडा ओलांडला
की दोरी सोडते.
वावांनी मोजत नाही. चाळीस वेळा वल्हं मारायचं,
मग रिळाची कळ दाबायची.
रॉडची मूठ मांडीखाली, टोक मागे कललेलं,
आणि त्याच्याही मागे, माझ्या पाठीला,
एक नकली मासा लंगडत येतो.

लंगडायलाच हवा.
धडधाकटाच्या मागे कोण लागतं?
वेग म्हणाल तर बस चुकलेली
पण ते कुणाला कळू न देणारी बाई चालते, तेवढा.
जास्त झाला की तो वर येऊन भोवऱ्यासारखा फिरतो,
दोरीला पीळ.
कमी झाला की तळाशी जाऊन बसतो,
ओढून काढावा लागतो, रुसलेल्या पोरासारखा.

पुतण्या तामिहाना म्हणाला, सायकलचा आरसा लाव ना.
लावला.
त्यात दिसली माझी टोपी, अर्धा कान,
आणि कोरं पाणी,
जिथून मी नुकतीच आले होते ते.
आठवड्यात काढून टाकला.

मांडीला कळतं.
बारीक थरथर असली की ठीक, मासा पोहतोय.
थरथर थांबली की वाईट:
गळाला शेवाळाची एक काडी,
आणि मी मैलभर
एक मेलेली वस्तू फिरवून आणलेली.

बसमध्येही तसंच आहे.
गोंगाट म्हणजे सगळं बरं.
मागचा बाक गप्प झाला
की आधी ब्रेकवर पाय, मग आरशात नजर.
परवाच्या नाही, त्याच्या आधीच्या ऑगस्टमध्ये
असाच गप्प झाला होता.
आरशात सगळे होते.
नीट बसलेले, हात मांडीवर.
मी गिअर टाकला.

सोमवारी त्यातली एक आली नाही.
ब्रिस्बेनला गेली म्हणाले, आईबरोबर, रातोरात.
आराहिया.
काचेवर हा करून बोटाने मासे काढायची.
थंडीत काच धुकट झाली की
त्यातली एक शेपूट अजून उमटते.
ती काच मी पुसत नाही, आणि विचारलं तर
विसरले म्हणते.

सात आरसे होते.

डब्यात आमिषं दोन. एक काकाने घासून केलेलं,
पाउआ शिंपल्याची मोरपिशी पट्टी, हाडाचा काटा,
बांधणीचा धागा सुटलाय, सहा महिने झाले.
दुसरं तामिहानाचं, दुकानातलं,
काचेचे डोळे, पोटात खुळखुळणारे छर्रे.
अर्थात तेच लावते. मासे त्यालाच लागतात.
काकाचं डब्यात असलं म्हणजे झालं.

पुढे सुरय पक्षी पाण्यावर कोसळतायत.
त्यांच्यात घुसायचं नसतं, कडेने जायचं,
आणि वळायचं.
वळताना आतल्या बाजूची दोरी सैलावते,
मासा क्षणभर दमल्यासारखा खाली जातो,
आणि काहावाई तेव्हाच येतो.
सरळ रस्त्यावर मी कितीही छान ओढत असले
तरी नाही.

आला.
रीळ किंचाळली, मूठ मांडीखालून निसटता निसटता धरली,
आणि त्याने मला गोल फिरवलं,
होडीसकट, वल्ह्यासकट,
आणि माझं तोंड झालं
जिथून मी आले तिकडे.

किनारा. पूल. वर्कशॉपच्या कुंपणामागे
पिवळं छप्पर, माझीच बस,
इथून काडेपेटीएवढी.
बराच वेळ तसंच चाललं, तो ओढतोय, मी बघतेय.

मग तो दमला. दोन किलो असेल,
पाठीवर हिरवट ठिपके, एक डोळा माझ्यावर.
पहिला मासा तांगारोआचा,
तेवढं मला कुणी शिकवावं लागत नाही.
गळ सोडवला, पाण्यात धरला,
शेपटीने तोंडावर पाणी मारून गेला.

होडी सरळ केली.
दोरी सोडली, पुन्हा मोजायला लागले.
अडतीस. एकोणचाळीस.
मांडी ऐकू लागते.