मागे, अजून थोडं मागे

बावीस नंबरची जागा. दोन्हीकडे क्रिओसोटची झुडपं,
मागे एक सग्वारो, एकच हात वर केलेला,
वर्गात कधीचं काहीतरी विचारायचं राहून गेल्यासारखा.
तीस फुटांचा ट्रेलर मला उलटा आत घालायचाय.
लोवेल मागे उभा आहे, केशरी टोपी घालून,
हात हलवतोय: ये, ये, अजून थोडं, ये.

अकरा हिवाळे स्टिअरिंग त्याच्याकडे होतं, खुणा माझ्याकडे.
आमची भांडणं सगळी इथलीच,
गाडी लावायच्या या पंधरा मिनिटांतली.
घर विकताना झालं नाही, मुलाच्या घटस्फोटात झालं नाही.
"तू डावीकडे म्हणालीस."
"माझ्या डावीकडे!"
शेजारचे खुर्च्या वळवून बसायचे,
कुणीतरी बिअरचा डबा फोडायचं.

मग मार्चमध्ये, फार्गोत, डॉक्टरीणबाईंनी
चौकटी आखलेला कागद पुढे धरला.
मधल्या रेघा सरळ दिसतात का?
तो म्हणाला, मधे रेघाच नाहीत.

कडा दिसतात त्याला. डोंगराची, ताटाची.
माझा कान दिसतो,
चेहरा दिसत नाही.

गाडी विकून टाकू म्हणाला. मी कपडे घड्या करत राहिले.
एप्रिलभर दर शनिवारी शाळेच्या रिकाम्या मैदानात,
बर्फ वितळून झालेल्या चिखलात,
प्लास्टिकचे शंकू मांडून मी उलटं जायला शिकले.
सत्तराव्या वर्षी. चौदा शंकू मेले.
ट्रेलरचं गणित उफराटं असतं,
त्याला डावीकडे न्यायचं तर आपण उजवीकडे वळायचं.
हे मात्र चटकन जमलं.
सेहेचाळीस वर्षांच्या संसारात दुसरं काय केलं होतं?

आता आरशात माझं मीच बघते.
तरी काच खाली ठेवते, त्याचा आवाज यावा म्हणून.
मागच्या आठवड्यात त्याच्या खुणांनी
आम्ही थेट सिमेंटच्या टेबलावर चाललो होतो.
मी ब्रेक दाबला, डोकं बाहेर काढलं,
"थांब म्हणालास ना?"
"म्हणालो," तो म्हणाला.
कॅम्प सांभाळणारी डेल्फीन धावत निघाली होती.
अर्ध्यावर थांबली,
आणि दाताळं घेऊन खडी विंचरायला लागली,
आधीच विंचरलेली.

संध्याकाळी टाकीत पाणी तिसरा हिस्सा.
दोन बशा एकाच वाडग्यात धुतल्या,
ते पाणी एका झुडपाला दिलं. देऊ नये म्हणतात.
दूर हायवेवर ट्रकांचे दिवे,
एकामागून एक, मुंग्यांनी दिवे घेतल्यासारखे.

ट्रेलर बोटभर कललेला निघाला.
चाकाखाली घालायला पडलेला ठोकळा आणायला गेले,
जांभळी बॅटरी घेऊन, इथे ती लागतेच.
ठोकळा उचलला आणि खाली हिरवं काहीतरी पेटलं.
विंचवीण. पाठीवर अख्खं बिऱ्हाड,
तांदळाच्या कण्यांएवढी पिल्लं, दाटीवाटीने.
"कुठे?" लोवेल गुडघ्यांवर हात टेकून वाकला.
सरळ बघितलं तर काहीच नाही.
मग त्याने मान जराशी वळवली,
पलीकडच्या अंधाराकडे बघितल्यासारखी,
आणि म्हणाला, "अरे वा."

माझ्याकडेही तो आता असाच बघतो.
समोर बसलेला असतो, नजर माझ्या खांद्यावरून
कोफा डोंगरावर गेलेली,
लोकांना वाटतं, म्हातारा हरवलाय कुठेतरी.

ठोकळा होता तसा ठेवून दिला.
रात्री उशा उंच बाजूला घेतल्या.
सकाळी तव्यात अंडं फोडलं
तर ते घसरत घसरत कडेला जाऊन बसलं.
"दिसलं," तो म्हणाला. "हे दिसलं मला."