सारख्या ओळी

माझा एडिटर म्हातारा आहे.
त्याला ना बटणं, ना रंग, ना चुका दाखवणारं लाल नागमोडी शेपूट.
ईव्हर हसतो. म्हणतो, तोरुन,
धुण्याचा दगड घेऊन बसलीस, बाजारात यंत्रं मिळतात.
मिळतात. पण यंत्र बंद पडलं
की माणूस बोलवावा लागतो,
आणि वार्डोला माणूस बोटीनं येतो.

ओळी निवडायच्या, उद्गारचिन्ह दाबायचं,
पुढे एका स्क्रिप्टचं नाव.
ओळी घराबाहेर पडतात,
डोळ्याचं पातं लवतं न लवतं
तोच परत येतात
केस विंचरून.

अशा पंचवीसेक आहेत माझ्याकडे,
कुणी चार ओळींची, कुणी एकाच.
एक नुसत्या रिकाम्या जागा झाडते.
एक जुन्या वावांचे मीटर करते.
एक कशासाठी लिहिली ते आठवत नाही,
पण तिला काढलं तर दुसरी रुसते.
प्रत्येकीला एकच काम येतं
आणि बाकीची येत नाहीत याची लाज नाही.
मोठं काम निघालं की मध्ये उभी रेघ ओढायची,
हिच्या तोंडचं तिच्या कानात.

जानेवारी होता. सूर्य नव्हता, तो नसतोच.
संग्रहालयाच्या मागच्या खोलीत हीटर, करपलेली कॉफी
आणि स्टाक्नेस दीपगृहाची रोजनिशी, एकोणीसशे एकतीस.
राखणदार: आन्सगार फ्येल्हाइम.
जसं आहे तसं उतरवायचं, चुकांसकट, हा आमचा नियम.
धुकं. भोंगा चालू.
धुकं. भोंगा चालू.
दहाव्या ओळीनंतर बोटंच वाचत होती,
मी खिडकीबाहेर बघत होते.

एक्केचाळीस ओळी झाल्या.
म्हटलं, एवढं धुकं कोण वाचणार?
तारखा कापणारी गाळणी लावली,
तिच्यापुढे लागोपाठच्या सारख्या ओळींतून एकच ठेवणारी.
एक ओळ उरायला हवी होती.
उरल्या तीन.

धुकं. भोंगा चालू.
धुकं. भोंगा चालु.
धुकं. भोंगा चालू.

आधी स्क्रिप्टला शिव्या घातल्या.
मग ओळीच्या शेपटाला चिकटलेली जागा शोधली. नव्हती.
मग दिसला तो उकार,
आखूड.

मूळ वही काढली, कापसाच्या हातमोज्यांनी.
अठरा दिवस अक्षर उजवीकडे कललेलं, घाईचं.
मग तीन दिवस उभं, गोल, दाबून लिहिलेलं,
शाळा लवकर सुटलेल्या हाताचं.
मग पुन्हा तेच, उजवीकडे,
पण पहिल्या दिवशी जरा थरथरतं.
स्टाक्नेसचा भोंगा हातानं फिरवायचा असे,
दर दोन मिनिटांनी एकदा, रात्रीसुद्धा.
पगाराच्या नोंदीत त्या तीन दिवसांचे पैसेही
आन्सगारच्याच नावावर आहेत.

बायको असेल, ओलिने. मोठी मुलगी असेल.
मला माहीत नाही, आणि वहीलाही नाही.
त्या तीन दिवसांत जी जहाजं
खडकांना न लागता गेली
त्यांनी काही आभार मानायला होडी पाठवली नसणार.
त्यांना ऐकू आला एक भोंगा, रोजच्यासारखा.

मी एक अक्षर दाबलं. एक्केचाळीस ओळी परत आल्या,
तारखांसकट, जणू कुठे गेल्याच नव्हत्या.
मग स्क्रिप्टमध्ये एक अक्षर वाढवलं,
पुसताना मोजायला सांगणारं,
आणि निवडलेल्या ओळींची नक्कल तिच्यातून काढली:
अठरा. तीन. वीस.
तो कागद वहीच्या खोक्यात ठेवलाय.

ईव्हर आला, बूट झटकत.
पडद्याकडे बघून म्हणाला, इथे चूक आहे ग,
शुद्धलेखन सुधारणारी एक लिहून देऊ?
दे लिहून, म्हटलं. चांगली लिही.
फक्त या फाइलला
लावू नकोस.