प्रवासाचा उद्देश

जेवणाच्या टेबलावर इटली पसरलीय.
कोपऱ्यांवर मीठ, लोणच्याची बरणी, बीपीच्या गोळ्या
आणि पद्माकरचा जुना चष्मा.
तरी पंखा मध्येच सिसिली उचलून बघतो.

पद्माकरचं ठरलंय. नऊ दिवस, सात शहरं,
रोज पहाटे सहाला बॅगा दाराबाहेर,
दुपारी वरण-भात (कंपनीने लेखी दिलंय),
आणि कलत्या मनोऱ्याला हात लावून
त्याला आपण सावरतोय असा एक फोटो.
पिवळ्या मार्करने त्याने देश रंगवत आणलाय,
थकबाकीची यादी रंगवावी तसा.

मी म्हणते, मला एकच गाव दे.
तीन आठवडे. दुसऱ्या मजल्यावर एक खोली,
खिडकीला हिरव्या लाकडी झडपा,
खाली कुणाचंतरी भांडण, मला अर्धंच कळणारं.
घुमट बघेन की, वाटेत आले तर.
पण मला पिशवी घेऊन बाजारात जायचंय.
भाजीवाल्याने विचारावं,
टोमॅटो आजच्यासाठी हवेत का उद्यासाठी,
आणि मी, जरा विचार करून, म्हणावं, उद्यासाठी.
दुपारी दुकानं मिटली
की गावाबरोबर आपणही मिटून पडावं.

"हे सगळं माहीमच्या बाजारात फुकट आहे,"
पद्माकर म्हणतो. "त्याला साडेचार लाख कशाला?"

खोटं नाही बोलत तो.
पण इथे चांगुणाबाई पापलेट कापता कापता विचारते,
सून परत कधी येणार.
वाणी साहेबांची शुगर विचारतो.
एकतीस वर्षं मी पालिकेत पाण्याची बिलं तपासली,
रिटायर होऊन चार वर्षं झाली,
अजून लिफ्टमध्ये लोक मलाच विचारतात,
ताई, प्रेशर का येत नाही?
मला एकदा, कुणाचीच कुणी नसताना,
अर्धा किलो वाटाणे घ्यायचेत.

शनिवारी फिलोमिना तुस्कानो येते शिकवायला,
वसईहून, पदराखाली सुकेळ्यांचं पुडकं.
पेरुजात अकरा वर्षं तिने एका म्हातारीचं सगळं केलं.
आडनाव ऐकून तिथले हसायचे,
तू कुठली गं तुस्कानो?
ती म्हणायची, गिरीजची.
तिच्या इटालियनमध्ये आधी येतात
उठा, गिळा, कूस बदला.
तेच मी शिकले. नमस्कार-चमत्कार नंतर.

परवा तिला माझी यादी दाखवली,
झडपा, वाटाणे, उभ्याउभ्या प्यायची कॉफी.
हसली. म्हणाली, बाय, रोजचं म्हणजे रोजचंच असतं.
जिना. औषधांच्या वेळा.
थंडीत तीन दिवस न वाळणाऱ्या चादरी.
मग बराच वेळ सुकेळीचं पान उलगडत बसली.

जाताना चपलेत पाय घालता घालता म्हणाली,
पेरुजाला गेलीस तर
चढावरच्या बेकरीत ओर्नेल्ला आहे का बघ.
असली तर सांग,
फिलोमिनाचा गुडघा अजून दुखतो.
बाकी काय नको.

व्हिसाच्या फॉर्मवर माझ्या रकान्यात
पद्माकरने लिहूनही टाकलं, पर्यटन.
मी खोडलं नाही.
पेरुजा शोधायला चष्मा लावला
तर गाव बरणीखाली. कुणी सरकवली कोण जाणे.
तेलाचा गोल डाग, त्यात अक्षरं
अजून नीट वाचता येतात.

आता कुकरच्या शिट्ट्या मोजताना
एकच वाक्य घोकते,
आ फिलोमेना फा आंकोरा माले इल जिनोक्क्यो.
गुडघ्यावर जीभ अडखळते.
पुन्हा म्हणते.
आतून पद्माकर विचारतो, काय दुखतंय तुझं?