अकरा सेकंद

ष्ट्रालझुंडला डिसेंबरात तीनलाच दिवे लागतात.
गुरुवार. ग्राहक सल्ला केंद्रात माझी पाळी.
हेर वोल्फहार्ट टेश आत आले,
आणि कोटाच्या आतल्या खिशातून
फ्लॅनेलच्या रुमालात बांधलेली तबकडी काढली.
सोबत पावती. सतरा वर्षं जुनी,
शाई उडालेली.

"विकत घेतलीय," ते म्हणाले,
मी काही विचारायच्या आत.

सिनेमा बंदरावरचा, प्रेमाचा,
कुणाच्या फारसा लक्षात न राहिलेला.
सत्तेचाळिसाव्या मिनिटाला मासळीबाजार,
आणि हेरिंगची टोपली घेऊन एक बाई जाते.
जाता जाता कॅमेऱ्याकडे बघते.
बघू नका असं बजावलं होतं म्हणे,
तरी बघते.
रोझविटा. तेव्हा जाळ्यांच्या कारखान्यात होती.
त्या दिवसाचे चाळीस मार्क मिळाले आणि वाटीभर सूप.
परवाच्या मार्चमध्ये ती गेली.

तबकडीची कड तपकिरी पडत चाललीय,
बशीत चहा वाळावा तशी.
काढणारी कंपनी बुडाली, नवी मिळत नाही.
"मला एक प्रत हवीय. घरात ठेवायला.
चालेल का, एवढंच सांगा."

मी कायदा उघडला. पगार त्याचाच घेते.
स्वतःपुरती प्रत काढायला तुम्हाला मुभा आहे, म्हटलं,
पण या तबकडीला कुलूप घातलंय,
आणि कुलूप फोडायला मुभा नाही.
"तबकडी माझी ना?"
तबकडी तुमची.
"मग कुलूप कुणाचं?"
इथेच घोडं पेंड खातं.

कोऱ्या तबकडीच्या किमतीत
प्रत काढण्यापोटी थोडे पैसे आधीच कापलेले असतात,
हेही मी सांगून टाकलं. सांगायला नको होतं.
"म्हणजे दाराचं भाडं भरायचं
आणि दार बंद?"
मी चष्मा पुसला.

मग आवाज खाली आणून म्हटलं,
घरातल्या घरात, फक्त स्वतःसाठी कुणी फोडलंच,
तर त्याला शिक्षा नाही.
मनाई आहे. शिक्षा नाही.

ते बराच वेळ गप्प.
एकेचाळीस वर्षं उचलत्या पुलावर काढलेला माणूस,
समोर रिकामं पाणी असलं तरी
वेळेआधी एक मिनिट पूल न उचललेला.
"मनाई म्हणजे मनाई," ते म्हणाले,
आणि रुमालाची घडी घालू लागले.
अर्ध्या घडीवर थांबले.
"आणि टीव्हीसमोर कॅमेरा मांडून बसलो तर?
काचेतून आलेल्या उजेडालाही कुलूप असतं?"

मी पानं चाळली. पुन्हा चाळली.
उजेडाबद्दल काही सापडलं नाही,
म्हणून हो म्हटलं.

फेब्रुवारीत ते पुन्हा आले, पुतण्याचा टॅब्लेट घेऊन.
चौकट तिरकी. रंग निळसर पडलेले,
चित्रातून आडवे पट्टे सरकतायत,
स्वयंपाकघरात किटली शिट्टी मारतेय,
ती कुणी उतरवत नाही.
आणि मासळीबाजाराच्या मधोमध, काचेत,
घरातला दिवा, खुर्ची,
आणि खुर्चीत टक लावून बसलेले हेर टेश.

रोझविटा टोपली घेऊन येते.
वळून बघते.
कॅमेऱ्याकडे म्हणे.

अकरा सेकंद आम्ही दोघं काही बोललो नाही.
बाहेर बाकावर दोन माणसं नंबर धरून बसली होती.
"मूळ तबकडीत मी नव्हतो," ते म्हणाले.
त्यावर कलम नव्हतं माझ्याकडे.

निघताना त्यांनी ती पावती पुढे केली.
"हिची एक झेरॉक्स मिळेल?
शाई उडत चाललीय."

मी यंत्राचं झाकण उचललं.
हिरवा उजेड एकदा इकडून तिकडे गेला.